बंकरचं पुस्तक

आज जे लिहायला बसलोय ते माझ्या बायकोलाही ठाऊक नाही — आणि माझ्याबद्दल तिला ठाऊक नाही असं आता फार थोडं उरलंय. चाळीसच्या वर वर्षं झाली. दोन-तीनदा अगदी ओठांवर आलं होतं. एकदा तर मुलाला सांगायचं म्हणून समोर बसवलं, आणि मग त्याच्या स्कूटरच्या क्लचबद्दल अर्धा तास बोलत राहिलो. तो बिचारा कंटाळून उठून गेला.

तुम्ही म्हणाल, गोल्फच्या मैदानावरची गोष्ट, तिच्यात एवढं लपवण्यासारखं काय असणार? बॉल पायानं सरकवला असेल, एखादा फटका कमी सांगितला असेल. नाही हो. तेवढंच असतं तर कधीच चार लोकांत हसत हसत सांगून मोकळा झालो असतो.

मी नागपूरच्या महाल भागातला माणूस. आमच्या गल्लीत विटीदांडू, फार तर क्रिकेट. गोल्फ हा शब्द मी नोकरीत वरच्या पदावर गेल्यावर ऐकला. आमचे साहेब खेळायचे, आणि साहेब खेळतात म्हटल्यावर हाताखालच्या दोघा-तिघांना अचानक त्या खेळाची आवड निर्माण झाली — त्यातला एक मी. जुन्या तीन काठ्या मिळवल्या, सायकलच्या दांड्याला बांधल्या आणि रविवारी सकाळी निघालो. क्लब म्हणायचं खरं त्यांना, पण मैदानावर सगळे काठीच म्हणत. बायकोनं दारातून विचारलं, "काहून बापा, साप मारायले चालले का?"

आमच्या नागपूरच्या त्या मैदानावर हिरवळ फक्त पावसाळ्यात. एरवी सगळं तपकिरी. जिथं बॉल होलमध्ये, म्हणजे झेंडा लावलेल्या खड्ड्यात घालायचा तिथंही गवत नसायचं, रेतीत तेल कालवून चोपून केलेला गोल चौथरा असायचा. त्याला ब्राऊन म्हणायचे. त्या ब्राऊनच्या अलीकडे, बॉल चुकला की नेमका जाऊन पडेल अशा जागी बंकर — म्हणजे मुद्दाम खणलेला, कन्हान नदीच्या रेतीनं भरलेला खड्डा. माझा बॉल त्यात इमानेइतबारे जायचा. आणि एकदा गेला की बाहेर यायचं नाव घेत नसे.

सातव्या होलचा बंकर तर माझा वैरी होता. एकदा त्यात मी नऊ फटके मारले. नऊ! दर फटक्याला रेती माझ्याच तोंडावर, बॉल तिथल्या तिथं. काठावर क्लबचे सेक्रेटरी उभे होते, फौजेतून निवृत्त झालेले मेजरसाहेब. ते शांतपणे म्हणाले, "क्यों भाई, कुआँ खोद रहे हो क्या?" सगळे खो खो हसले. मीही हसलो. घरी येताना शंकरनगरच्या चौकात सायकल थांबवून डोळे पुसले — रेती गेली होती डोळ्यांत, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

आता देवाजी.

देवाजी मैदानावरचा माळी. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, आणि मी त्याला अरे-तुरे करायचो, सगळेच करायचे. ब्राऊनला तेल घालणं आणि बंकरमधली रेती सारखी करणं हे त्याचं काम. पहाटे सायकलवरून यायचा, लांब दांड्याचं दाताळं घेऊन एकेक बंकर फिरायचा, आदल्या दिवशीचे पायांचे ठसे, काठ्यांनी पाडलेले खड्डे सगळं मिटवून टाकायचा. लोक यायच्या आत सगळी रेती चाळून ठेवलेल्या पिठासारखी.

पण मिटवण्याआधी तो ते खड्डे वाचायचा. कोणाचा खड्डा खोल, कोणाचा उथळ, कोणाचा बॉलच्या किती मागे — पाहून तो सांगायचा की काल इथं कोण फसला आणि काहून फसला. वीस-पंचवीस वर्षं हेच. साहेब लोकांच्या चुका रोज सकाळी त्याच्यासमोर रेतीत उमटलेल्या असायच्या, आणि दुसऱ्या कोणाला त्या कधी दिसल्याच नाहीत. फसणारा वैतागून निघून जायचा, देवाजी मागं राहायचा.

त्या नऊ फटक्यांच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी चोरासारखा पहाटे गेलो, कोणी नसताना सराव करावा म्हणून. देवाजी सातव्या बंकरच्या काठावर उकिडवा बसला होता. माझ्या कालच्या नऊ खड्ड्यांकडे पाहत. मला पाहून उठला, जरा घुटमळला, आणि म्हणाला, "साहेब, राग नका मानू. तुम्ही बॉलले मारून राहिले."

मी म्हटलं, मग कोणाला मारू?

"रेतीले मारा जी. बॉलले हातच नका लावू. रेती नेते त्याले बाहेर."

माझ्या खिशात बायकोनं दिलेलं संत्रं होतं. ते त्यानं मागितलं, सोललं, फोडी मला दिल्या, आणि सालाचा तळहाताएवढा तुकडा रेतीवर ठेवून त्याच्यावर बॉल ठेवला. बॉल विसरा म्हणाला. साल बाहेर काढा. तव्यावरची भाकर उलथन्यानं काढता तसं, साल खालून उचला. पाय आधी हलवून हलवून रेतीत रुतवा. काठीचं तोंड आभाळाकडे उघडं करा. बॉलच्या दोन बोटं मागं बघा, तिथं काठी घाला, आणि मधेच थांबू नका — भीती वाटते म्हणूनच माणूस थांबतो, आणि थांबला की फसतो.

सातव्या की आठव्या वेळी साल उडालं. आणि त्याच्यासोबत बॉल, एवढा मऊ, एवढा आरामात, ब्राऊनवर जाऊन बसला. मी ओरडलोच. देवाजीनं इकडं-तिकडं पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

कारण मैदानावरच्या माळ्यांच्या शेडमध्ये पाटी होती. काम करणाऱ्यांनी बॉलला काठी लावायची नाही. लावली तर नोकरी गेली. देवाजीनं त्या दिवशी माझ्या काठीनं एकच फटका मारून दाखवला, आणि लगेच दाताळं फिरवून सगळं साफ केलं. "कोणाले सांगू नका साहेब. मीबी नाही सांगत." मी म्हटलं, अरे वेडा आहेस का, कोणाला सांगतो! — तेव्हा मला वाटलं, हे वचन मी त्याला देतोय.

तीन हिवाळे मी शिकलो. आठवड्यातून दोन पहाटा. खिशात संत्रं. बायको म्हणायची, "खेळायले जाता का खायले?" दर वेळी शेवटी देवाजी एक फटका मारायचा. फक्त एक. झुंजुमुंजू असायचं, बॉल नीट दिसायचाही नाही, नुसता ब्राऊनवर टेकल्याचा आवाज. काय फटका होता हो तो! मी पुढं खूप खेळलो, मोठमोठे खेळणारे पाहिले. तसा हात मी पाहिला नाही. एकदा काठी मला परत देताना तो म्हणाला, "साहेब, एक डाव मले उजेडात मारायचा हाय. लोकं पाहून राहिले पायजे." आणि स्वतःच लाजला.

आणखी एक सांगायला हवं. देवाजी दीक्षा घेतलेल्या घरचा. ओळखीच्या माणसांना जय भीम करायचा, मला नमस्कार. मी स्वतःला फार सुधारलेला समजायचो. त्याच्या थर्मासमधला चहा प्यायचो — आणि आपण तो पितो याची मनात नोंद ठेवायचो. ज्याला खरंच काही वाटत नाही तो अशी नोंद कशाला ठेवेल? हे मला तेव्हा सुचलं नाही. आता सुचतं.

पहिल्याच हिवाळ्यानंतरची गोष्ट. एका रविवारी मेजरसाहेबांसमोर माझा बॉल सातव्या बंकरमध्ये गेला. सगळे मजा बघायला थांबले. मी पाय रुतवले, दोन बोटं मागं पाहिलं, मारलं. बॉल झेंड्याजवळ. कोणी हसलं नाही. मेजरसाहेब जवळ आले आणि विचारलं, कुठून शिकलास? देवाजी वीस पावलांवर दाताळं घेऊन उभा होता.

मी म्हटलं, एक पुस्तक आहे. विलायती.

झालं. का म्हटलं? वचन दिलं होतं म्हणून? तसं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. पण गप्प बसता आलं असतं, नुसतं हसून सरावानं जमलं म्हणता आलं असतं. पुस्तक कशाला? कारण त्या लोकांत पुस्तक शोभायचं. मग त्या पुस्तकाला प्रकरणं फुटली, चित्रं आली. नवीन आलेल्यांना मी बंकर शिकवू लागलो. "पुस्तकात असं म्हटलंय" म्हणत देवाजीची वाक्यं इंग्रजीत सांगू लागलो. भाकरीचं तेवढं गाळलं. दोघं-तिघं पुस्तक मागू लागले. एक जण तर पत्ता काढून घरीच आला. बायको त्याला म्हणाली, "आमच्या घरी कायचं गोल्फचं पुस्तक बापा? एक पंचांग हाय, थे पायजे का?" मी धावत बाहेर येऊन सांगितलं, पुस्तक मेहुण्याकडं आहे, जबलपूरला. मेहुण्यानं ते पुढं कित्येक वर्षं परत केलं नाही. मला सगळे बंकरचा उस्ताद म्हणायला लागले, कमिटीवर घेतलं. सायकल जाऊन स्कूटर आली.

हे सगळं देवाजीला कळत होतं का? मैदानावर कोणती गोष्ट माळ्याला कळत नाही? तरी तो शिकवत राहिला. दोन पहाटा चालूच होत्या.

आता येतो मुद्द्यावर. किती वेळ लावला बघा — आतासुद्धा उठून पाणी पिऊन आलो.

तिसऱ्या हिवाळ्यानंतरचा पावसाळा. क्लबनं ठरवलं, सभासदांना शिकवायला कायमचा माणूस ठेवायचा. दिल्ली-कलकत्त्याकडे चौकशी चालली होती. तेवढ्यात मेजरसाहेबांना कोणीतरी सांगितलं की पहाटे रस्त्यावरून जाताना त्यानं देवाजीला बंकरमध्ये मारताना पाहिलं, आणि काय मारतो म्हणे! मेजरसाहेब माणूस सरळ. चिडले नाहीत. म्हणाले, रविवारी कमिटीसमोर बोलावू.

शनिवारी देवाजी मला स्कूटरच्या स्टँडपाशी भेटला. एवढ्या वर्षांत त्यानं माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. म्हणाला, "साहेब, मी सोताहून काही नाही सांगत. तुम्हाले शब्द देला हाय. पण तुमाले इचारतीन थे. तुम्हीच एक शब्द टाका."

मी म्हटलं, टाकतो ना देवाजी. काळजी करू नको.

रविवारी सकाळी दहाची वेळ, वऱ्हांड्यात आम्ही पाच जण, चहा. देवाजी पायरीखाली उभा. धुतलेला पांढरा शर्ट, इस्त्रीच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या, केसांना तेल. हातात काहीच नव्हतं, आणि दाताळं नसलेल्या त्या हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. मेजरसाहेबांनी आधीच सांगून टाकलं — पाटीवरचा नियम आज बाजूला, कोणाची नोकरी जाणार नाही. याला खरंच येत असेल तर बाहेरचा माणूस आणायचा कशाला, यालाच ठेवू. हे मुद्दाम लिहितोय. म्हणजे त्याची नोकरी वाचवायला मी तसं बोललो, ही पळवाट माझ्यासाठी तिथं नव्हती.

मग ते माझ्याकडे वळले. "बंकर के उस्ताद तो आप हैं. सुबह-सुबह आप ही आते हैं. आपने इसे कभी मारते देखा है?"

देवाजीनं माझ्याकडे पाहिलं. काळजीनं नाही हो, तेच तर — अगदी निश्चिंतपणे पाहिलं. माझ्या तोंडून काय निघणार हे त्याला ठाऊकच होतं.

मला एकच शब्द बोलायचा होता. हो. आणि हो म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा — कधी, कुठं, तुम्ही तिथं काय करत होता? मग पुस्तक गेलं. जबलपूरचा मेहुणा गेला. आणि समोरच्या चौघांना कळलं असतं की त्यांचा उस्ताद माळ्याच्या हाताखाली तयार झालाय. हे सगळं माझ्या डोक्यात किती वेळात आलं असेल? चहाचा कप बशीत ठेवायला लागतो तेवढ्या.

मी म्हटलं, "नहीं."

तेवढ्यावर थांबलो असतो तरी… नाही, मी थांबलो नाही. पुढं म्हटलं, "रेत बहुत अच्छी बनाता है. उसमें कोई शक नहीं." आणि हसलो. का हसलो असेन मी?

मेजरसाहेबांनी देवाजीला विचारलं, काय रे, बरोबर?

त्या क्षणी तिथं कोपऱ्यात काठ्यांची पिशवी उभी होती. बॉल होते. पन्नास पावलांवर बंकर होता, ऊन पडलं होतं, चार माणसं बसली होती. त्यानं एक काठी उचलून एक फटका मारला असता, तर खेळ तिथंच संपला असता — माझा. तो माझ्याकडे बघत राहिला. मी कपात बघत होतो. मग त्याचा आवाज ऐकू आला, "साहेब म्हणून राहिले थे बरोबर हाय जी. मी रेती करतो."

मला दिलेला शब्द त्यानं पाळला होता. मी खाली बघत उरलेला चहा प्यायलो.

मला लाज वाटत होती ती कशाची? शिकवणारा माळी होता याची, की तो त्या घरचा होता याची? पुस्तक खोटं निघेल याची? मी खूप वेळा वेगळं वेगळं करून पाहिलं. होत नाही. सगळं एकातच होतं आणि ते सगळं माझं होतं.

रात्री पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी गेलो — माफी मागायला, असं ठरवून. देवाजी सातव्या बंकरमध्ये होता. मला वाटलं तोंड फिरवेल, दोन शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, माझी सुटका झाली असती. तो म्हणाला, "या साहेब. आज रेती ओली हाय. हे तुमचं राह्यलं होतं."

आणि त्यानं शिकवलं. ओली रेती कडक असते, बॉलला जास्त फेकते; काठीचं तोंड थोडं मिटा, दोन बोटं नको, एकच बोट मागं, आणि जोर कमी. दाताळ्याच्या दांड्यानं रेतीत रेघ ओढून दाखवली. शेवटी नेहमीसारखी मी काठी त्याच्यापुढं धरली. त्यानं दोन्ही हात दाताळ्यावरच ठेवले. "राहू द्या आता," म्हणाला.

आणि मी? मी माफी मागितली नाही. मी नीट मन लावून ओल्या रेतीचा फटका शिकलो. त्याच पावसाळ्यात स्पर्धेच्या शेवटच्या होलला माझा बॉल भिजलेल्या बंकरमध्ये गेला, एक बोट मागं मारला, आणि कप जिंकलो. बक्षिसाच्या वेळी कोणीतरी हसत ओरडलं, "किताब की जय हो!" मी हात वर केला. तो कप अजून आमच्या शोकेसमध्ये आहे. बायको दिवाळीला चिंचेनं घासते.

बाहेरून माणूस आला, चांगला होता, कॉलर वर करून चालायचा. बंकर मात्र त्याला शिकवता येत नसे; त्यासाठी तो लोकांना माझ्याकडे पाठवायचा. देवाजी पुढं आठ वर्षं रेती करत राहिला. माझ्या पहाटा हळूहळू बंद झाल्या — मीच बंद केल्या. तो निवृत्त झाला तेव्हा कमिटीच्या वतीनं भाषण मीच केलं. त्याच्या रेतीची खूप तारीफ केली, शाल दिली. शाल घालताना आमचे चेहरे हातभर अंतरावर होते. तेव्हाही सांगता आलं असतं. माईक सुरूच होता.

पुढं काही वर्षांनी तो गेल्याचं मला क्लबच्या नोटीस बोर्डावरून कळलं. त्याच्या घरी मी गेलो नाही.

पुस्तक नव्हतं. कधीच नव्हतं. मला शिकवलं देवाजीनं. उजेडात, चार लोकांसमोर त्याला एकच फटका मारायचा होता. तो त्यानं कधी मारला नाही, कारण मी मारू दिला नाही.